एका खणाची मागणी

रिकाम्या कपाटाचा माणसाला संताप येऊ शकतो, हे मला वाशीला राहायला गेल्यावर कळलं. भरलेल्या कपाटांचा संताप मला आधीपासून होता; आमच्या समितीच्या पत्रकांत तो नेमाने यायचा. पण रिकामं कपाट जागा अडवतं, मान वर करून उभं राहतं आणि वर घरातल्या बाईला काही ठेवू देत नाही, ही जुलमाची नवीच तऱ्हा होती.

एक खोली आणि स्वयंपाकघर एवढंच ते घर. खोलीच्या बरोबर मध्ये हे कपाट. माझ्या डोक्याच्या वर हातभर उंच, काळंभोर शिसवी, चिनी. दारं नाहीत, काच नाही, पाठसुद्धा नाही. नुसते खण. एक उंच, एक बुटका, एक लांबट, मधला गोल, जिन्यासारखे चढत-उतरत गेलेले, एकाचं माप दुसऱ्याला नाही. सुताराने पिऊन केलंय, असं वसाहतीत सर्वांचं मत होतं. आणि त्या खणांत काही म्हणजे काहीच ठेवलेलं नव्हतं. त्याच घरात तुरीच्या डाळीचा डबा खाटेखाली होता, लोणच्याच्या बरण्या न्हाणीघराच्या कट्ट्यावर होत्या आणि घरमालकीण काकूंच्या साड्या पत्र्याच्या ट्रंकेत होत्या. ट्रंकेवर गादी होती. गादीवर मी.

मी तेव्हा एका शाळेत भूगोल शिकवत होते आणि संध्याकाळी पाणी समितीची पत्रकं लिहीत होते. काकू आणि मी कपाटाच्या अलीकडे झोपत असू, घरमालक पलीकडे. मधली भिंत म्हणजे कपाट, आणि कपाटाला पाठ नाही. मी पडदा लावू का विचारलं.

"कपाटाला पडदा?" ते म्हणाले. "अंतरपाट धरायचा का? मंगलाष्टकं कोण म्हणणार?"

वसाहत त्यांना शोकेसवाले म्हणायची. त्यांना ते झोंबायचं. तेव्हा वाशीत घरटी एक शोकेस होतं. आत प्लास्टिकची फुलं, कापडी कुत्रा, मान हलवणारी बाहुली, लग्नात आलेला आणि कधीच न वापरलेला कपबशांचा संच. "शोकेसला काच असते आणि लाज नसते," ते म्हणायचे. "आमच्याकडे शोकेस नाही. आमच्याकडे साहित्य आहे. चिनी साहित्य."

हा शब्द त्यांच्या नोकरीतला. सबंध आयुष्य त्यांनी फोर्टातल्या एका लिलाववाल्याकडे कारकुनी केली. मोडीत निघालेल्या मोठ्या पारशी घरांतला माल तिथे यायचा आणि त्याची वर्गवारी व्हायची: विलायती साहित्य, चिनी साहित्य, किरकोळ. त्या घरांतले कुणी पूर्वज कधीकाळी चीनशी व्यापार करत. येताना तिकडून फुलदाण्या आणायचे, फुलदाण्या ठेवायला कोरीव बैठका आणायचे, आणि ते सगळं मांडायला अशी कपाटं. लिलावात फुलदाणी चटकन जायची. बैठक मागे राहायची. "लोक देव उचलतात आणि देव्हारा टाकून जातात," हे त्यांचं आवडतं वाक्य. टाकलेलं ते घरी आणत गेले. कपाटही असंच, एवढं मोठं नको म्हणून कुणी घेतलं नाही, ते यांनी घेतलं. गिरगावातल्या ठेंगण्या छताच्या खोलीत ते उभं राहीना, आडवं ठेवलं तर माणसं उभी राहीनात. म्हणून वाशी. बाकीचे लोक मोकळ्या हवेसाठी, मुलांच्या शाळेसाठी खाडी ओलांडून आले. हे कपाटासाठी आले.

बैठका घरभर होत्या. छोट्या, मोठ्या, तीन पायांच्या, पाच पायांच्या, कमळाच्या पाकळ्या कोरलेल्या, ढग कोरलेल्या. एकदा वरच्या मजल्यावरचे बँकेतले गृहस्थ सोसायटीची वर्गणी मागायला आले आणि त्यांतल्या एका उंच बैठकीवर बसले.

"उठा!" घरमालक ओरडले. "ती बैठक आहे!"

"म्हणून तर बसलो," बँकवाले म्हणाले.

"बसायची बैठक नाही ती! फुलदाणीची आहे!"

"कुठंय फुलदाणी?"

"फुलदाणी नाही."

"मग मी बसलो तर बिघडलं काय?"

मुद्दा बिनतोड होता. मी उघडपणे बँकवाल्यांच्या बाजूने होते. घरमालकांनी अगदी शांतपणे विचारलं, "तुम्ही फुलदाणी आहात का?"

बँकवाल्यांनी एकदा स्वतःकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि ते उठले. वर्गणी न घेताच गेले.

माझ्याशी ते कपाटातून बोलत. पलीकडून गोल खणात त्यांचा चेहरा आला की दूरदर्शनच्या बातम्या लागल्यासारखं वाटायचं.

"काय पत्रकबाई, आज कुणाविरुद्ध?"

"पाण्याविरुद्ध."

"पाण्याविरुद्ध की न येणाऱ्या पाण्याविरुद्ध? मथळा नीट घाला. लोक आंघोळ सोडतील."

मथळ्यांच्या बाबतीत त्यांना अक्कल होती, हे मी मान्य करते. पाण्याच्या बाबतीत अजिबात नव्हती. नळाला तेव्हा दिवसाकाठी जेमतेम तासभर पाणी यायचं आणि काकू बादल्या, पातेली, तांबे, जे हाताला लागेल ते भरून ठेवायच्या. कुणी पाहुणा आला की हे एका बैठकीचा निखळलेला पाय आणायचे आणि भरल्या बादलीत सोडायचे. पाय दगडासारखा तळाशी जायचा.

"बुडालं!" ते टाळी वाजवायचे. "अस्सल! आपलं लाकूड तरंगतं. चिनी शिसव बुडतं."

"अहो, प्यायचं पाणी आहे ते!" काकू आतून ओरडायच्या.

"मग काय झालं? शंभर वर्षांचं लाकूड आहे. तुझ्या बादलीपेक्षा स्वच्छ."

आमच्या समितीच्या मोर्चाच्या दिवशी, पाणी नाही म्हणून मी घसा बसेपर्यंत ओरडून आले, तेव्हा घरातली शेवटची बादली या प्रात्यक्षिकात खर्ची पडलेली होती. मी स्पष्ट सांगितलं, "काका, हे समाजविघातक आहे." ते म्हणाले, "पण बुडालं की नाही?"

छत गळायचं. तक्रार मी केली, पत्रकही काढलं. त्यांनी आपली छत्री उघडून कपाटाच्या माथ्याला सुतळीने बांधली आणि स्वतः डोक्यावर टॉवेल घेऊन पेपर वाचत बसले. डाळीचा डबा भिजला. काकूंनी डाळ उन्हात वाळवली, निवडली आणि पुन्हा खाटेखाली ढकलली. मी डबा उचलून लांबट खणात ठेवायला गेले तर हा शांत माणूस असा काही किंचाळला की वरून बँकवाले धावत खाली आले.

एका गोष्टीची नोंद मला करावीच लागेल, नाहीतर हे पत्रक होईल, चित्र नाही. दुपारी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन यायचं आणि पाठ नसलेल्या त्या कपाटातून आरपार जाऊन समोरच्या भिंतीवर पडायचं. सगळ्या खणांच्या सावल्या भिंतीवर उमटायच्या आणि हळूहळू सरकायच्या, गोल खणाचा उजेड अगदी शेवटपर्यंत टिकायचा. तेव्हा ते चहा घेऊन बसायचे आणि बोलायचे नाहीत. "आता ठेवा तिथे तुमचा डबा," एकदा ते मला म्हणाले. "मग काय दिसेल? डबा." ते दृश्य सुंदर होतं. पण सुंदर असणं हा मुद्दाच नाही. मुद्दा असा की चहा काकूंनी केलेला असायचा आणि सावल्या बघायला त्यांना कुणी बोलावायचं नाही.

काकूंची मागणी एकच होती. एक खण. सगळं कपाट नको, अर्धं नको, त्यातला एक खण, आपलं काहीबाही ठेवायला. वाशीला आल्यावर त्या पहिल्यांदा म्हणाल्या, "अहो, मला एक खण द्या ना." ते हसून बरं म्हणाले आणि संध्याकाळी दादरहून हिरवा, लाल काठांचा खण घेऊन आले. चोळीचा. काकूंना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्यांनी पुन्हा मागितला. पुन्हा आला, जांभळा. तिसऱ्यांदा त्या कपाटावर हात ठेवून म्हणाल्या, "हा! असला खण!" तर त्यांनी तपकिरी आणला, म्हणाले, कपाटाच्या रंगाच्या जवळ जाणारा शोधला. तेव्हा काकूंना कळलं की ही चूक नाही, लबाडी आहे. मी राहायला गेले तोपर्यंत त्यांच्याकडे खणांचा एवढा गठ्ठा साठला होता की तो ठेवायला त्यांना एक खण हवा होता.

"काका, हा विनोद कधी थांबणार?" मी विचारलं.

"विनोद कसला? बायकोची मागणी आहे. शब्दशः पुरी करतो."

सरकारही असंच करतं. आम्ही पाणी मागितलं, तर त्यांनी टाकी दिली. चांगली उंच टाकी, निळा रंग दिलेली. आत पाणी नव्हतं.

आणि काकू? काकू रडणाऱ्यांतल्या नव्हत्या. जवळच्या गावातली मासळीवाली मावशी दारात टोपली उतरवायची, तिच्यापाशी त्या मन मोकळं करायच्या. मावशीने एकदा आत डोकावलं.

"अगो बाय, यवरं मोटं कपाट न आत कायच नाय? चोर येऊन गेला कं?"

"नाही गं मावशे. ते असंच असतं."

"असंच? मंग लाकरा तरी दे जालाला."

घरमालकांनी हे ऐकलं आणि तिच्या टोपलीतलं काही खाणार नाही अशी शपथ घेतली. पुढे ताजी सुरमई आली आणि शपथ विरघळली. पण मावशी गेल्यावर काकू मला म्हणाल्या, "तिच्या झोपडीत फळी आहे गं. स्वतः ठोकलेली. तिला कुणाला विचारावं लागत नाही." हे त्या भांडी घासता घासता म्हणाल्या, माझ्याकडे न बघता. मी त्याच संध्याकाळी स्टेन्सिल कापायला घेतलं.

पत्रक असं होतं: "वसाहतीतील भगिनींनो! आपल्यातल्याच एका घरात चिनी साहित्याने अर्धी जागा बळकावली आहे. या साहित्यापुढे घरातल्या स्त्रीला कवडीची किंमत नाही. ती एक खण मागते, तर तिच्या तोंडावर खण फेकला जातो! चिनी साहित्य घराघरांत शिरण्याआधी जाग्या व्हा!" शेवटचं वाक्य थोडं जोरकस झालं होतं, पण पत्रकाचं शेवटचं वाक्य मिळमिळीत ठेवायचं असेल तर पत्रक काढावंच कशाला? नाव कुणाचं घातलं नव्हतं. खाली नेहमीप्रमाणे संपर्कासाठी समितीचा पत्ता होता. समितीचा पत्ता म्हणजे तेच घर.

घरमालकांनी ते उभ्याउभ्या वाचलं. मला वाटलं, आता ट्रंकेवरची गादी गेली. ते म्हणाले, "'बळकावली' चांगलं आहे. 'चिनी साहित्य' हाही अचूक शब्द. लोक फर्निचर म्हणतात, अडाणी. पण 'तोंडावर फेकला' खोटं आहे. मी हातात दिला. घडी करून."

दोन दिवस काहीच झालं नाही. बायका भेटल्या की हसायच्या. रविवारी सकाळी दारात एक फौजदार आणि एक हवालदार उभे राहिले. फौजदारांच्या हातात आमचं पत्रक होतं, बस-थांब्यावरून फाडून आणलेलं. एका कोपऱ्याला खळ आणि भिंतीचा चुना.

"चिनी साहित्य इथे आहे?"

घरमालकांचा चेहरा असा उजळला की मला त्यांची दया आली. सगळ्या वसाहतीत इतक्या आस्थेने आजवर कुणी चौकशी केली नव्हती. "या, या! अगं, चहा टाक! इथेच आहे. बसा. तिथे नको, खाटेवर बसा."

"म्हणजे कबूल करता."

"अभिमानाने!"

"किती वर्षांपासून ठेवलंय?"

"माझ्याकडे म्हणाल तर वीसेक वर्षं. मूळचं फार जुनं."

"आलं कुठून?"

"बंदरातून. जहाजाने."

हवालदाराने फौजदारांकडे पाहिलं. फौजदार सावरून बसले.

"वाटप कुठे कुठे करता?"

"वाटप? छे! मी कुणाला हात लावू देत नाही. हिला सुद्धा नाही."

"म्हणजे गुप्त आहे."

"गुप्त कसलं, कुणीही या, बघा! पण समज पाहिजे. शाळकरी पोरांना यात काही कळणार नाही. कॉलेजातले चार तरुण आले तर मी हौसेने समजावून सांगेन."

"तरुणांना," फौजदार हळूच म्हणाले.

मला तोवर सगळं लख्ख दिसलं होतं. त्या दिवसांत चीनचं नाव आलं की पोलिसांना जंगल, बंदूक आणि लाल पुस्तक दिसायचं. "साहेब," मी म्हणाले, "साहित्य म्हणजे पुस्तकं नव्हेत. साहित्य म्हणजे सामान. हे कपाट. हेच ते चिनी साहित्य."

"मग पत्रकात 'सामान' का नाही लिहिलं?"

'सामान' शब्दाने कुणी पेटून उठतं का? दोष माझा नव्हता, मराठी भाषेचा होता. एका शब्दाला दोन कामं लावून ठेवायची आणि पगार एकाचाच.

हवालदार कपाटाला प्रदक्षिणा घालून आला. गोल खणातून त्याने डोकं बाहेर काढलं. "साहेब, कपाट पुस्तकांचंच दिसतंय. पण साफ रिकामं."

"कुठे हलवली पुस्तकं?" फौजदारांनी विचारलं.

"यात कधीच काही नव्हतं," घरमालक म्हणाले.

"एवढं मोठं कपाट. आणि कधीच काही नव्हतं."

"कधीच नाही! तीच तर खुबी आहे!"

"आजोबा, मी काय कालचा आलोय?" फौजदार उठले. "घरात बघतोय तर डबे खाटेखाली, बरण्या मोरीत, आणि कपाट रिकामं. कुणाच्या घरात असं असतं? संध्याकाळी जीप घेऊन येतो. पुस्तकं कुठे गेली ते आठवून ठेवा. नाहीतर कपाट नेतो आणि या बाईंनाही नेतो."

आधी कपाट म्हणाले, मग मी. हा क्रम माझ्या लक्षात आहे.

ते गेले आणि घरमालक मटकन बैठकीवर बसले. फुलदाणीच्या. आम्ही दोघींनी ते पाहिलं. "जीपमध्ये आडवं घालतील," ते म्हणत होते. "दोरखंडाने बांधतील. खिळा नाही गं त्याला एकही, नुसती सांध्यात सांधा बसवलाय. दोरखंडाने!"

काकूंनी चहाचे कप उचलले. "अहो, रिकामं आहे म्हणूनच त्यांना संशय आला ना? भरलं की संसार दिसेल. संसार जप्त करत नाहीत."

"भरायचं?"

"माझ्याकडे आहे भरायला. पुष्कळ आहे. पण एक खण कायमचा माझा."

"देतो की!" ते घाईघाईने उठले. "उद्याच दादरला—"

"लाकडाचा," काकू म्हणाल्या.

मी मध्ये पडले नाही. घोषणा घशापर्यंत आली होती, ती गिळली. वाटाघाटी ज्याच्या त्याने कराव्यात.

"बरं. लाकडाचा. खालचा लांबट घे, तुझे डबे—"

"मधला. गोल."

त्यांनी कपाटाकडे पाहिलं, मग भिंतीकडे, जिथे दुपारी उजेड पडायचा. "तो सोडून कुठलाही माग."

"मग बघा बुवा. जीप मोठी असते म्हणे."

त्याच क्षणी रस्त्यावरून एक टेम्पो गेला. टेम्पोच होता, पण आवाज जीपसारखा आला.

"घे!" ते ओरडले. "घे! गोल घे!"

मग आम्ही दोघी कामाला लागलो. डाळ, तांदूळ, कणीक, पापड, गौरीचे मुखवटे, पितळी समई, पूजेची घंटा. उंच खणात चोळीच्या खणांचा सगळा गठ्ठा बरोबर बसला, जसा काही त्याच्याच मापाने केलेला. कमी पडलं तर वरून बँकवाल्यांच्या बायकोने मान हलवणारी बाहुली आणि प्लास्टिकचे गुलाब पाठवले, हसत हसत. गोल खणात काकूंनी लिंबाच्या लोणच्याची मोठी बरणी ठेवली. घरमालक स्वयंपाकघरात तोंड भिंतीकडे करून उभे होते. मध्येच विचारायचे, "संपलं का?" जणू दात काढणं चाललं होतं.

संध्याकाळी फौजदार आले. कपाट बघून दारातच थांबले.

"चिनी साहित्य?" त्यांनी विचारलं, पण आवाजातला कडकपणा निम्मा उतरला होता.

काकूंनी गोल खणातली बरणी काढून त्यांच्यापुढे धरली. "हे काय, बघा ना. चिनी मातीच्या बरण्या. यांना मांडलेलं आवडत नाही, म्हणून सकाळी सगळं काढून ठेवलं होतं. नवरा-बायकोचं भांडण हो. ते हिने छापून काढलं. शिकलेली पोर आहे, साधं भांडण नुसतं ऐकून सोडता येत नाही तिला."

असा अपमान माझा आधी कधी झाला नव्हता. मी गप्प राहिले, कारण तो उपयोगी होता.

"कैरीचं?" फौजदारांनी बरणीत पाहिलं.

"लिंबाचं. उपासालाही चालतं. घ्या."

त्यांनी फोड खाल्ली, हवालदाराला दिली, कपाटावरून नजर फिरवली. बाहुली मान हलवत होती. "हां," ते म्हणाले. "आता कसं घर दिसतंय. आजोबा, छान आहे तुमचं शोकेस."

घरमालकांनी तोंड उघडलं. काकूंनी त्यात लिंबाची फोड घातली.

जीप वळणावर दिसेनाशी झाली आणि ते कपाटावर तुटून पडले. गुलाब वर गेले, बाहुली वर गेली, डबे खाटेखाली, समई देव्हाऱ्यात. एक एक खण मोकळा झाला की त्यावरून धोतराचा सोगा फिरवायचे. गोल खणापाशी हात थांबला. काकू पुढे झाल्या, त्यांनी बरणी स्वतः उचलली, पदराने खण पुसला आणि बरणी न्हाणीघरात ठेवून आल्या.

"मग तिथे काय ठेवताय, काकू?" मी विचारलं.

"बघू."

एक दिवस गेला, आठवडा गेला. खण रिकामा. मला तो विजयाचा अपमान वाटला. "काकू, आपण लढलो कशासाठी? निदान बरणी तरी ठेवा!"

"ठेवीन गं. मला वाटेल तेव्हा."

"आणि तोवर?"

"तोवर नाही ठेवणार. माझ्या खणात काय नाही ठेवायचं ते मी ठरवते."

कुठल्याही पत्रकात हे बसत नव्हतं. मी प्रयत्न केला.

खरी गंमत घरमालकांची झाली. इतर सगळे खण रिकामे तसाच तोही रिकामा, दिसायला तिळाचा फरक नाही. दुपारचा उजेडही पूर्वीसारखाच भिंतीवर पडायचा. पण त्यांना चैन पडेना. "काही ठेवत का नाहीस?" ते विचारायचे. एकदा स्वतःच्या हाताने आणलेली बाहुली पुढे केली, तीही मान हलवणारी. "ठेव हिला. माझी हरकत नाही." काकूंची होती. माझ्याशी बोलायला चेहरा गोल खणात आणायची सोय गेली. पलीकडून हाक यायची, "अगं, जरा तोंड घालू का? पत्रकबाईंशी बोलायचंय."

"आत्ता नको," काकू म्हणायच्या. मग ते सबंध कपाटाला वळसा घालून यायचे. पण यायचे. आणि एका दुपारी ऊन पडायच्या वेळी मी पाहिलं तर खाटेवर चहाचे दोन कप होते.

मी नेरूळला खोली घेऊन जायच्या सुमाराला मलबार हिलवरून एक संग्राहक गृहस्थ गाडी घेऊन आले. त्यांच्या घरी चिनी फुलदाण्या होत्या, कपाट नव्हतं. कपाटासमोर ते बराच वेळ हात मागे बांधून उभे राहिले. घरमालकांनी बादली मागवली, पाय बुडवून दाखवला, टाळी वाजवली. गृहस्थांना खरंच कळत होतं. त्यांनी टॉवेलात गुंडाळलेली एक निळी-पांढरी फुलदाणी बाहेर काढली. एवढी नाजूक की मी सुद्धा दोन पावलं मागे सरले.

"विकणार नाही म्हणता, ठीक आहे," ते म्हणाले. "एकदा फक्त ठेवून बघतो. मधल्या गोलात. दोन मिनिटं. ती जागा हिच्यासाठीच केलेली आहे."

मला वाटलं, आता किंकाळी. किंवा निदान व्याख्यान. घरमालक फुलदाणीकडे बघत होते. डोळे ओले झाल्यासारखे वाटले. देव आपल्या पायांनी देव्हाऱ्यापाशी चालत आला होता.

"तो माझ्या हातातला नाही," ते म्हणाले आणि त्यांनी आत हाक मारली. "अगं, हे विचारतायत, तुझ्यात ठेवू का म्हणून. खणात."

काकू पिठाचे हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी फुलदाणी पाहिली, गृहस्थांना पाहिलं, खण पाहिला.

"नको," म्हणाल्या आणि पोळ्यांकडे परत गेल्या.

"पण का?" गृहस्थ गोंधळून घरमालकांना म्हणाले. "रिकामाच तर आहे!"

"बाकीचे रिकामे आहेत," घरमालक म्हणाले. "तो हिचा आहे."